बॉयलरकाकांचं भांडण

"तुले इंग्रजीत भांडता येते का?"

दारात उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाने मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नमस्कार नाही, नाव नाही. खाकी शर्ट, टायरच्या चपला, काखेत कापडी पिशवी. मी तुमसरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची. लोक अर्ज लिहून घ्यायला यायचे, फॉर्म भरून घ्यायला यायचे. भांडायला इंग्रजी मागणारा हा पहिलाच होता.

"लिहिता येतं," मी म्हटलं. "भांडायचं कोणाशी?"

"विलायतेशी," ते म्हणाले आणि मी 'या' म्हणायच्या आत खुर्चीवर बसले.

मिलवाल्या वस्तीत त्यांना सगळे बॉयलरकाका म्हणत. उसना, म्हणजे उकडा, तांदूळ करायचा तर धान वाफवावं लागतं. त्या वाफेसाठी मिलमध्ये बॉयलर असतो आणि त्याच्या भट्टीत धानाचा तूस जळत असतो. त्या भट्टीसमोर उभं आयुष्य काढलेला हा फायरमन. हातावरचे केस कधीचेच जळून गेलेले, भुवया अर्ध्या. आणि राग! एसटी उशिरा आली की राग, वेळेवर आली तरी कंडक्टरने दार लवकर आपटलं म्हणून राग. विहारातल्या कार्यक्रमात कोणी लांबलचक भाषण ठोकलं की हे उठून सांगत, "मुद्द्यावर ये ना बे!" कोणी समजावायला गेलं तर म्हणत, "राग येऊ द्यावा. वाफेले वाट नसली का लोखंड फाटते." लोक हसत. सुरुवातीला मीही हसायची. तो राग कुठून येतो ते कळल्यावर माझं हसू बंद झालं.

काकांच्या वडिलांचं नाव मंगरू. तेही फायरमन. बॉयलर चालवायची सरकारी परीक्षा पास झालेले त्यांच्या मोहल्ल्यातले पहिले. ते सर्टिफिकेट काकांच्या घरात बुद्धाच्या तसबिरीशेजारी, तिच्याच उंचीवर लावलेलं होतं. काका अकरा वर्षांचे असताना मिलमधला बॉयलर फुटला आणि मंगरू गेले. चौकशी झाली. अहवालात एक वाक्य लिहिलं गेलं: फायरमन कामावर झोपल्याने बॉयलरमधील पाणी आटले व स्फोट झाला. त्या एका वाक्याने मेलेल्या माणसाला गुन्हेगार केलं. पुढे कित्येक वर्षं मोहल्ल्यातला कोणी बॉयलरच्या कामाला गेला की मिलवाले तोंडावर सांगत, त्या लोकांना मशीनमधलं काय कळतं, मागच्या वेळी झोपला होता ना! काकांनी त्याच तुमसरात, त्याच कामाचं लायसन्स मिळवलं आणि पस्तीस वर्षांत एकदाही भट्टीसमोर स्टूल ठेवलं नाही. "बसलो का म्हणतीन झोपला," ते सांगत.

मंगरूंनी मरायच्या तीन दिवस आधीपासून मालकाला सांगितलं होतं, की भट्टीच्या आतल्या पत्र्याला फुगा आला आहे, बॉयलर थंड करा. मालक म्हणाला, हंगाम संपू दे. हे काकांच्या आईला माहीत होतं, कारण नवरा घरी येऊन ते सांगायचा. पण तिला चौकशीत कोणी बोलावलंच नाही. तिने मिलच्या अंगणातून तांब्याच्या जाड पत्र्याचा एक फाटका तुकडा तेवढा उचलून आणला होता. रांगेने भोकं असलेला, कडा वळलेल्या. "तुह्या बापाले यानं मारलं," एवढंच सांगून तो तिने ट्रंकेत ठेवला.

काका स्वतः फायरमन झाल्यावर त्या तुकड्याने त्यांना छळायला सुरुवात केली. मिलच्या बॉयलरची भट्टी लोखंडाची असते. त्यात तांबं कुठून आलं? एका म्हाताऱ्या फिटरने तुकडा हातात घेऊन क्षणात सांगितलं, "हे रेल्वे इंजिनच्या भट्टीचं तांबं आहे. जुनी विलायती इंजिनं अशीच राहत." म्हणजे मिलमध्ये फुटला तो मिलचा बॉयलर नव्हताच. कुठल्यातरी मोडीत निघालेल्या इंजिनाचा बॉयलर काढून आणून, तिथे बसवून, त्याच्यापुढे मंगरूंना उभं केलं होतं.

निवृत्त झाल्यावर काकांनी माहितीच्या अधिकारात अहवालाची नक्कल मिळवली. त्यात फुटलेल्या बॉयलरचा नंबर होता, एक हजार सातशे नऊ, आणि इंग्लंडमधल्या एका कारखान्याचं नाव होतं. काका त्याला नुसतं 'कंपनी' म्हणत. राणीछाप रुपयाच्या जमान्यातली कंपनी. छोटी इंजिनं आणि बॉयलर बनवायची, कधीच बुडाली. पण तिच्या नोंदवह्या तिकडच्या एका संग्रहालयात जपून ठेवल्या आहेत हे त्यांनी भाचीच्या मोबाइलवर शोधून काढलं होतं. भांडण विलायतेशी होतं ते असं.

पहिलं पत्र त्यांनी तोंडी सांगितलं आणि मी लिहिलं. "माहा बाप तुमच्या नंबरच्या बॉयलरनं मेला असं आमचं सरकार म्हणते. खरं काय ते सांगा." मी इंग्रजीत 'कृपया', 'आपला अत्यंत आभारी' वगैरे घातलं. काकांनी वाचून दाखवायला लावलं, मग मराठीत परत सांगायला लावलं. ऐकून घेतलं आणि टेबलावर थाप मारली.

"तू माहा सारा राग खाऊन टाकला! मी का भीक मागून राहिलो?"

"अहो काका, पत्र असंच लिहितात."

"असेच लिहिते म्हणून कोणी उत्तर देत नाई. काढ ते आभारी."

काढलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं. संग्रहालयातल्या एका बाईंनी लिहिलं होतं, की शोध घेते, पण मदत म्हणून तुमच्या भागात आमच्या कारखान्याचं जे काही उरलं असेल त्याची यादी पाठवाल का? नंबर पितळी पाटीवर पाहू नका, पाटी बदलता येते. लोखंडात ठोकलेला नंबर शोधा.

मग काकांची फिरती सुरू झाली. तारेचा ब्रश, रॉकेलची बाटली, खडू. जुन्या बंद मिली, भंगाराची दुकानं, खाणीकडची गावं. आधी ब्रशने गंज काढायचा, रॉकेलने पुसायचं, मग खडू आडवा घासायचा. ठोकलेले आकडे खोल असल्याने काळे राहतात आणि भोवती पांढरं होतं. सुट्टीच्या दिवशी मीही जायची. एकेक आकडा वर येताना काका श्वास रोखून धरत. त्या वेळी तेवढे ते रागावलेले नसत. "कंपनीनं काम चोख केलं," ते म्हणत. "नंबर असा ठोकला का शंभर वर्षानं आंधळ्यालेही वाचता येईन. खोटं आपल्या लोकायनं केलं."

चिखल्याला मॅंगनीजच्या खाणीजवळ, झुडपांत, त्यांना एका चिमुकल्या इंजिनाचा सांगाडा सापडला. चाकं होती, दांडे होते, वरचा बॉयलर नव्हता. दांड्यावर नंबर होता. वस्तीतल्या एका नव्वदीच्या खाणकामगाराने सांगितलं, की तो तरणा असताना त्या इंजिनाचा बॉयलर काढून बैलबंड्यांवर घालून तुमसरला नेला होता. आम्ही तिथे असतानाच पुण्याहून आलेले एक गृहस्थ सांगाड्याचे फोटो काढत होते. जुन्या इंजिनांचा त्यांना फार नाद. चाकावरून हात फिरवत ते मला म्हणाले, "काय कारागिरी आहे बघा! असा ठेवा भारतात चार-पाचच ठिकाणी वाचलाय."

काका मागून गरजले, "याचा बॉयलर कुठं गेला ते इचारा ना!"

"तो... मोडीत गेला असेल."

"माह्या बापाच्या अंगावर गेला."

त्या गृहस्थांनी कॅमेरा पिशवीत घातला. पुढे त्यांनी कुठेतरी लेख लिहिला. त्यात सांगाड्याचे सुंदर फोटो होते, नंबर होता, काकांनी सांगितलेली सगळी माहिती होती. मंगरूंबद्दल अक्षर नव्हतं. लेख वाचून दाखवल्यावर काका पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत बसले. मग म्हणाले, "इंजिनं किती वाचले त्याची यादी करून राहिले. मेले किती, त्याची कोण करन?" मला त्या लेखाचा जेवढा राग आला तेवढा फार थोड्या गोष्टींचा आला असेल. लोखंडावरच्या गंजाकडे इतक्या मायेने पाहणारी माणसं माणसाकडे पाहतच नाहीत!

विलायतेहून दुसरं पत्र आलं. चिखल्याचं इंजिन त्यांच्या वहीत सापडलं होतं: तांब्याची भट्टी, पत्र्याची जाडी, भोकांमधलं अंतर. काकांनी ट्रंकेतला तुकडा काढून मोजपट्टी लावली. तंतोतंत. आणि एक हजार सातशे नऊ? तो मिलसाठीच बनवलेला साधा बॉयलर, सगळा लोखंडाचा, तांबं त्यात गुंजभरही नाही.

म्हणजे तो खरा सतराशे नऊ कुठेतरी असायला हवा होता.

तो सिहोऱ्याला सापडला. आठवडी बाजारात मिलचं यंत्र चालवणाऱ्या एका जुन्या ड्रायव्हरने सांगितलं, की तुमसरच्या त्याच मालकाच्या साळ्याने सिहोऱ्याला मिल काढली होती, ती केव्हाच बुडाली, पण बॉयलर बोडीजवळ पडून आहे. आम्ही गेलो. तळ्याच्या काठाला, धानाच्या बांध्यांच्या कडेला तो आडवा पडला होता. वरचा पत्रा कापून कोणीतरी त्याची टाकी केली होती. एक म्हैस निवांत पाणी पीत होती. समोरच्या बाजूला पितळी पाटी होती तिथे आता चार रिकामी भोकं. काकांनी म्हशीला बाजूला सारलं आणि गुडघ्यांवर बसून ब्रश घासायला लागले. मग रॉकेल. मग खडू.

एक. सात. शून्य. शेवटच्या आकड्यावर चिखल वाळला होता. त्यांनी तो नखाने काढला. नऊ.

सरकारी कागदावर ज्याच्या चिंधड्या उडाल्या होत्या तो बॉयलर सिहोऱ्यात धडधाकट होता. गुरं त्याचं पाणी पीत होती. मालकाने चांगला बॉयलर साळ्याला दिला, त्याची पाटी काढून इंजिनाच्या सडक्या बॉयलरवर ठोकली, आणि एका परवान्यावर दोन मिली चालवल्या. काकांनी त्या लोखंडावर तळहाताने मारायला सुरुवात केली. एकदा, दोनदा, दहादा. "थो झोपला नोव्हता! थो झोपला नोव्हता!" म्हैस बुजून पळाली. शेतातल्या बाया उभ्या राहून पाहू लागल्या. मी त्यांचा हात धरला तेव्हा तळवा फाटला होता.

आता मोठा अर्ज करायचा ठरलं. सगळे पुरावे जोडून, चौकशीतलं ते वाक्य बदला अशी मागणी. अर्जासाठी काकांनी पिशवीतून एक कागद काढला. अहवालाला जोडलेला साक्षीचा जबाब. तो त्यांनी मला तोवर दाखवला नव्हता. 'मयत फायरमन यास कामाच्या वेळी झोपलेला मी स्वतः अनेकदा पाहिला आहे.' खाली सही.

सही वाचायची मला गरज पडली नाही. अख्ख्या ओळीवर एका दमात ओढलेली शिरोरेषा आणि शेवटी बारीकसं वळण. माझ्या शाळेच्या पुस्तकांवर माझं नाव त्याच अक्षरात घातलेलं असायचं. माझे वडील त्या मिलच्या ऑफिसात कारकून होते. ते वारून आठ वर्षं झाली होती. ही गोष्ट त्यांनी आम्हाला कधी सांगितली नाही.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"पयल्या दिवसापासून."

"मग माझ्याकडे काहून आले?" माझ्या तोंडून घरची बोली निघाली.

"इंग्रजीवाले तुमसरात दहा आहेत. तुह्या घरातून निघालेलं वाक्य तुह्याच हातानं खोडलं पाह्यजे, म्हणून आलो."

मी म्हटलं, बाबा तेव्हा विशीतले, नोकरी नवी, मालकाने लिहायला लावलं असेल. मालक सांगेल ते लिहिणं हेच त्यांचं काम. काकांनी ऐकून घेतलं. त्या दिवशी त्यांचा आवाज चढला नाही.

"लिहवणाऱ्याचा हात कागदावर दिसत नाई बाई. लिहिणाऱ्याचाच दिसते."

मी त्यांना जायला सांगितलं. तीन वर्षं हा माणूस माझ्या घरी चहा पीत होता, माझ्या वडिलांच्या फोटोखाली बसून, आणि सगळं माहीत असून! आठ दिवस मी त्यांना दार उघडलं नाही. पण त्या आठ दिवसांत राग त्यांच्यावर टिकेना. तो सरकत सरकत फोटोकडे गेला. आईला विचारलं तेव्हा ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यायले माहीत होतं. फायरमन रोज ऑफिसात येऊन सांगे, फुगा आला, फुगा आला. तुह्या बाबानंच त्याले दोनदा परत पाठवला." आणि मग, "आता कायले काढतं ते?" नवव्या दिवशी मी काकांच्या घरी गेले आणि प्रतिज्ञापत्र लिहून दिलं, की हे अक्षर माझ्या वडिलांचं आहे आणि त्यांनी लिहिलेलं खोटं आहे. काकांनी ते वाचायला लावलं नाही. नुसतं घडी घालून पिशवीत ठेवलं.

नागपूरच्या कार्यालयात आम्हाला पाच वेळा बोलावलं. पाचव्या वेळी एका तरुण साहेबांनी फाइल चाळली, फोटो पाहिले, खरंच थक्क झाले. मग म्हणाले, "आजोबा, मेहनत कमाल आहे तुमची. पण बंद झालेल्या चौकशीचा अहवाल बदलायची तरतूद नाही. मालक नाही, साक्षीदार नाही. आता याचा कोणाला काय फायदा? हे तुम्ही एखाद्या वस्तुसंग्रहालयाला का देत नाही?"

"तुह्या बापाचं नाव काय?" काकांनी विचारलं.

"म्हणजे?"

"लिहून देतो का थो कामावर झोपे अना त्याच्यानं माणसं मेले. सरकारी शिक्का मारून ठेवतो. मग तू मले सांग, खोडून काय फायदा!"

सगळं ऑफिस उभं राहिलं. शिपायाने काकांना दंडाला धरून बाहेर नेलं. जिन्यावर मी साहेबांना काहीतरी मऊ बोलायला मागे वळणार होते, सवयीने. मग वळले नाही. काकांबरोबर खाली उतरले.

त्या पावसाळ्यात काकांना दम्याने धरलं. पस्तीस वर्षांचा तूस छातीत बसला होता. ते खाटेवर असताना विलायतेच्या बाईंचं शेवटचं पत्र आलं. त्यांनी आमचे सगळे कागद पाहून आपल्या नोंदवहीत, चिखल्याच्या इंजिनाच्या नंबरापुढे, नवी नोंद केली होती: बॉयलर काढून तुमसरच्या भातगिरणीत खोट्या पाटीने वापरला, फुटला, तो नादुरुस्त असल्याचं सांगणारे फायरमन मंगरू यांचा मृत्यू. मला वाटलं, म्हाताऱ्याला आता तरी बरं वाटेल. मी मोठ्या उत्साहाने मराठीत सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, मग उघडले.

"हे मराठीत कुठं आहे?"

धान कापणीला आलं तेव्हा काका गेले.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहार भरला होता. मिलमधले जुने हमाल, चिखल्याहून आलेले दोघे, मोहल्ल्यातल्या बाया. काका किती कडक होते, किती प्रामाणिक होते, अशी भाषणं चालली होती. माझं नाव पुकारलं. मी काहीही ठरवून गेले नव्हते, पण त्या जबाबाची नक्कल पर्समध्ये होती. मी उभी राहिले आणि सांगितलं, की हा जबाब माझ्या वडिलांनी लिहिला आहे. मग तो शब्दन्‌शब्द वाचला. त्यानंतर सिहोऱ्याच्या बॉयलरचा नंबर सांगितला, चिखल्याच्या इंजिनाचा सांगितला, तांब्याचा तुकडा सांगितला, आणि आईने भाजी निवडताना जे सांगितलं तेही सांगितलं. कोणी रडलं नाही, कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून काकांची धाकटी बहीण बसली होती. बाप गेला तेव्हा ती पाळण्यात होती. तिने हात वर केला.

"जोरानं वाच बाई," ती म्हणाली. "मांगं आयकू येऊन नाई राहिलं."

मी घसा साफ केला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागले.